चित्रपटातील पत्र

चित्रपटातील पत्र : चित्रपटाच्या कथानकात पात्रांनी लिहिलेल्या, पाठविलेल्या, वाचलेल्या अथवा दडविलेल्या पत्राचा कथनाचे साधन म्हणून केला जाणारा उपयोग. पत्राबरोबरच चिठ्ठी, खलिता, तार, मृत्युपत्र आणि मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेला निरोप यांचाही यात समावेश होतो. पत्रामुळे अनुपस्थित व्यक्ती पडद्यावर आणता येते, पात्राचे मनोगत त्याच्याच शब्दांत सांगता येते आणि लिहिणे व वाचणे यांमधील कालावधीचा नाट्यासाठी उपयोग करून घेता येतो. केवळ वृत्त पोहोचविणे हे मात्र चित्रपटातील पत्राचे गौण कार्य होय. तेवढे काम एखाद्या संवादानेही भागते. पत्र ही मुळात एक वस्तू आहे. ती अनेकांच्या हातून जाते, उशिरा पोहोचते, भलत्याच्या हाती पडते, फोडली जाते आणि लिहिणाऱ्याच्या पश्चातही उरते. पत्र कोणी लिहावे, ते कोणी वाचावे आणि ते फोडण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न चित्रपटातील बहुतेक महत्त्वाच्या पत्रप्रसंगांच्या मुळाशी असतात.

पूर्वपीठिका : पत्राभोवती कथा गुंफण्याची परंपरा चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे. विदर्भराजकन्या रुक्मिणीने इच्छेविरुद्ध ठरलेला विवाह टाळण्यासाठी ब्राह्मणाहाती श्रीकृष्णास निरोप पाठविल्याची भागवतातील कथा मराठीत एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवर (१५७१) या आख्यानकाव्यामुळे घरोघरी परिचित झाली. वडीलधाऱ्यांच्या नकळत स्त्रीने स्वतःच्या भवितव्याविषयी लिहावे आणि ते विश्वासू मध्यस्थाने पोहोचवावे, हा पुढे चित्रपटांत अनेकदा आलेला प्रसंग या कथेत पूर्णपणे आढळतो.

दुसरी कथा चांगदेव आणि ज्ञानेश्वर यांची. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील भागातून वाहणारी पूर्णा नदी पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. या संगमाजवळ ज्यांचे मंदिर आहे, त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले, अशी परंपरागत आख्यायिका आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की अधिकाराने थोर म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे, हे न उमगल्याने त्यांना मायनाच सुचला नाही, असे सांगतात. या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून चांगदेव पासष्टी हे पासष्ट ओव्यांचे प्रकरण प्रसिद्ध आहे. या आख्यायिकेत पत्रातील मजकुरापेक्षा पत्र ही वस्तूच अधिक बोलकी ठरते. चित्रपटास नेमका हाच गुण उपयोगी पडतो. कारण पडद्यावर कागद, अक्षर, घडी, शाईचा डाग आणि वाचणाऱ्याचा चेहरा हे सर्व शब्दांइतकेच अर्थवाही असतात. प्रभात फिल्म कंपनीच्या संत ज्ञानेश्वर (१९४०) या चित्रपटातील व्याघ्रारूढ चांगदेव व चालती भिंत यांचे दृश्य विशेष गाजले. त्या भेटीची सुरुवात परंपरेनुसार या कोऱ्या पत्रातच आहे.

मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा मोठा आधारही पत्रव्यवहार हाच आहे. त्यामुळे ऐतिहासिक नाटकांत आणि नंतर ऐतिहासिक चित्रपटांत खलिता घेऊन येणारा जासूद किंवा सांडणीस्वार ही ठरीव पात्रे बनली. साहित्यात वा. म. जोशी यांची इंदू काळे व सरला भोळे (१९३४) ही पत्रात्मक कादंबरी प्रसिद्ध असून एकच घटना निरनिराळ्या पत्रलेखकांच्या दृष्टीने पाहण्याची तिची रीत पटकथेलाही मार्गदर्शक ठरण्याजोगी आहे. [→ पत्रवाङ्‌मय].

सामाजिक आधार : पत्र नाट्यपूर्ण ठरते ते त्याला लागणाऱ्या वेळामुळे व वाटेतील माणसांमुळे. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. ते स्वस्त असले, तरी त्यावरील मजकूर कोणासही वाचता येई. त्यामुळे खाजगी गोष्ट पोस्टकार्डावर लिहिणे धोक्याचे होते. पाकीट किंवा अंतर्देशीय पत्र घरात आले, की ते कोणाचे, हे विचारले जाईच. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण सु. १८ टक्के होते. साहजिकच पुष्कळांना पत्र दुसऱ्याकडून लिहवून व वाचवून घ्यावे लागे आणि पोस्टमन, शिक्षक किंवा शाळकरी मूल घरच्या गुपिताचे साक्षीदार होत.

अंतराचाही विचार केला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडील मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या स्थानकांवरून जातो. परंतु बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण, तसेच चिखली, मेहकर, लोणार व सिंदखेडराजा ही घाटावरील गावे त्या मार्गापासून दूर आहेत. मुंबईस कामासाठी गेलेल्या माणसाचे पत्र आगगाडीने, मग घाट चढून रस्त्याने आणि शेवटी पोस्टमनच्या पायांनी अशा गावी पोहोचावयाचे. पत्र टाकल्यानंतर आणि पोहोचण्यापूर्वी घरात जे काही घडून जाई, त्याची वार्ता पत्रास नसे. पत्रातील काळ व वाचणाऱ्याचा काळ यांमधील ही विसंगती पटकथाकारास आयतीच मिळते : वाचक जे जाणतो ते लिहिणाऱ्यास ठाऊक नसते आणि प्रेक्षक दोघांच्याही पुढे असतो.

मांडणीचे तंत्र : मूकपटांत संवाद लिखित पट्टिकांच्या द्वारे दाखविले जात. पत्र हे मुळातच लिखित असल्याने ते दाखविताना कथानकाचा ओघ तुटत नसे. पडदाभर पत्राचे समीपदृश्य, त्यानंतर वाचणाऱ्याचा चेहरा, ही जोडी त्या काळातच रूढ झाली. तथापि भारतात निरनिराळ्या भाषांचे व पुष्कळसे निरक्षर प्रेक्षक असल्याने लिखित मजकुरास मर्यादा होती. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटाच्या पट्टिका हिंदी व इंग्रजी अशा दोन भाषांत होत्या.

बोलपटाच्या आगमनानंतर पत्रास आवाज मिळाला आणि ते मांडण्याच्या अनेक रीती निर्माण झाल्या. पहिली रीत म्हणजे पत्र मिळालेल्या व्यक्तीने ते मोठ्याने वाचणे. ही नाटकातून आलेली असून घरात इतर माणसे ऐकत असतील, तरच ती स्वाभाविक वाटते. दुसऱ्या रीतीत पत्र वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि आवाज लिहिणाऱ्याचा ऐकू येतो. ही सर्वांत प्रचलित रीत होय. तीत दोन स्थळे व दोन काळ एकाच दृश्यात एकत्र येतात आणि दूरस्थ व्यक्ती वाचकाच्या कानाशी बोलत असल्याचा भास होतो. कागदावर लिहिणाऱ्याचा चेहरा उमटविणे हा तिचाच जुना प्रकार. तिसऱ्या रीतीत पत्र हे पूर्वस्मृतिदृश्याचे दार बनते. मजकुराचा आरंभ ऐकू येतो आणि पुढील घटना प्रत्यक्ष घडताना दिसतात. चौथ्या रीतीत पत्राचे गीत होते. हिंदी चित्रपटांत ही रीत विशेष रुजली. सरस्वतीचंद्र (१९६८) मधील विवाह ठरलेल्या तरुण-तरुणीचा पत्रव्यवहार, नाम (१९८६) मधील परदेशस्थांना घराची ओढ लावणारे पत्र व बॉर्डर (१९९७) मधील सीमेवरील सैनिकांची पत्रे ही गीतरूपाने लोकांच्या स्मरणात राहिली. पत्र एकट्याने वाचावयाचे असते. गीतामुळे ते समूहाचे होते आणि प्रत्येक श्रोता त्यात आपल्या घरचे पत्र ऐकू शकतो.

पाचवी रीत सर्वांत संयमाची आहे. तीत पत्र दिसते, परंतु मजकूर ऐकविला जात नाही किंवा अगदी थोडा ऐकविला जातो. परिणाम केवळ वाचणाऱ्याच्या वागण्यातून कळतो. सत्यजित राय यांच्या चारुलता (१९६४) या बंगाली चित्रपटात दूर गेलेल्या अमलचे पत्र येते. त्यातील साध्या कौटुंबिक वार्तेपेक्षा ते आल्याने चारूचा सुटलेला बांध आणि तो पतीच्या दृष्टीस पडणे, यांतच प्रसंगाचे सर्व मर्म आहे.

मराठी चित्रपटास पत्राचा मायना हे एक खास साधन लाभले आहे. ‘ती. बाबांस’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘कळावे, लोभ असावा’ यांसारख्या संकेतांतून नाते, वय, मान आणि दुरावा एका ओळीत व्यक्त होतो. मायना अचानक बदलला किंवा गाळला गेला, तर पुढील मजकूर न वाचताही संबंध बिघडल्याचे कळते. एकच चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत तयार होत असे, तेव्हा पत्राचे समीपदृश्य दोन्हींसाठी वेगवेगळे चित्रित करणे भाग पडे. पण मायन्यातील छटा दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी उतरणे कठीणच असे.

कथानकातील कार्ये : पत्राच्या कथनकार्याचे वर्गीकरण त्याच्या प्रवासावरून करता येते. लेखक हयात नसताना वाचले जाणारे, मजकुरात फेरफार झालेले, दुसऱ्याने फोडलेले, कधीही न पोहोचलेले आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेले असे त्याचे मुख्य प्रकार होत.

मरणोत्तर पत्राचे मराठीतील लक्षणीय उदाहरण व्ही. शांताराम दिग्दर्शित कुंकू (१९३७) या चित्रपटात आहे. ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात तरुण नीरेचा (शांता आपटे) विवाह फसवून वृद्ध काकासाहेबांशी (केशवराव दाते) लावला जातो. नीरा हा विवाह कधीच मान्य करीत नाही. अखेर आपला अपराध उमगलेले काकासाहेब तिला उद्देशून पत्र लिहून ठेवतात व आत्महत्या करतात. तिने योग्य पुरुषाशी विवाह करावा, अशी त्यांची इच्छा असते. समोरासमोर जे बोलणे घरातील अधिकारक्रमामुळे अशक्य होते, ते पत्रात शक्य होते. मात्र या पत्राची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. नीरेचा प्रश्न तिच्या लढ्याने ऐरणीवर येतो. पण त्याची सोडवणूक शेवटी पतीच्या हस्ताक्षरातील अनुमतीने होते. मुक्तीची परवानगीही पुरुषाच्याच पत्रातून यावी, यात त्या काळच्या सुधारणावादाची मर्यादा दिसते. कुछ कुछ होता है (१९९८) या हिंदी चित्रपटात मृत आईने मुलीच्या प्रत्येक वाढदिवसासाठी लिहून ठेवलेली आठ पत्रे आहेत व आठवे पत्र संपूर्ण पूर्वकथा उलगडते. येथे पत्रांमुळे मृत व्यक्तीच कथानकाची सूत्रधार बनते.

फेरफार केलेल्या पत्राची कथा मराठी मनात खोलवर रुजलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना धरण्याविषयीच्या पत्रात आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ करून ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका असून तिची ऐतिहासिक सत्यता वादग्रस्त आहे. तथापि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत कायम झाला. प्रभातच्या रामशास्त्री (१९४४) या चित्रपटाचा विषय नारायणरावांचा खून व त्याबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुणे यांची न्यायनिष्ठा हा असून त्यात आनंदीबाईची भूमिका ललिता पवार यांनी केली. एका अक्षराने माणसाचा जीव जावा, ही कल्पना दृश्यमाध्यमास अत्यंत अनुकूल आहे. कारण अक्षर बदलणारा हात प्रेक्षकास दाखविता येतो आणि पत्र नेणारा व वाचणारा मात्र अनभिज्ञ राहतो. लेखी शब्द बोललेल्या शब्दापेक्षा विश्वासार्ह, ही समजूतच येथे घातक ठरते.

दुसऱ्याचे पत्र फोडण्याचा प्रसंग महेश मांजरेकर यांच्या अस्तित्व (२०००) या मराठी व हिंदीत निघालेल्या चित्रपटाचा आधार आहे. अदिती पंडित (तब्बू) हिच्या नावे टपालाने एक मृत्युपत्र येते. तिचा पूर्वीचा संगीतशिक्षक मल्हार कामत याने आपली संपत्ती तिला दिलेली असते. पाकीट पत्नीच्या नावे असूनही ते पती श्रीकांत (सचिन खेडेकर) फोडतो आणि जुन्या रोजनिशींतील नोंदी ताडून आपल्या दीर्घ अनुपस्थितीच्या काळाचा हिशेब लावतो. पुढे घरात जे घडते, त्यास न्यायचौकशीचे रूप येते. पाकिटावर पत्नीचे नाव असले, तरी पहिला अधिकार आपला, असे पतीने गृहीत धरणे हेच या कथेतील मूळ दुखणे होय. पत्नीचे स्वतंत्र अस्तित्व आहे की नाही, हा शीर्षकातील प्रश्न चित्रपट पाकीट फोडण्याच्या एका साध्या कृतीतूनच उपस्थित करतो.

न पोहोचलेल्या पत्राचे उदाहरण म्हणून नागराज मंजुळे यांच्या फँड्री (२०१३) या चित्रपटाचा निर्देश करता येईल. डुकरे पकडण्याचे काम ज्याच्या कुटुंबाच्या माथी मारले गेले आहे, तो जब्या हा शाळकरी मुलगा सवर्ण शालूसाठी मनातले कागदावर उतरवितो; पण ते तिच्यापर्यंत जात नाही. दोघे एकाच गावात व एकाच वर्गात असल्याने येथे अंतर कोसांचे नसून जातीचे आहे. शाळेने मुलास अक्षर दिले, परंतु ते अक्षर देण्याची वाट गावाने मोकळी ठेवली नाही.

निनावी पत्राचा प्रकारही रूढ आहे. संगम (१९६४) मध्ये पत्नीस आलेले, लेखकाचे नाव नसलेले जुने प्रेमपत्र पतीच्या हाती पडून संशयाचे मूळ बनते. पाकीझा (१९७२) मध्ये आगगाडीतील अनोळखी प्रवाशाने झोपलेल्या साहिबजानच्या पायांशी ठेवलेली चिठ्ठी तिला बंदिस्त जीवनाबाहेरील जगाची चाहूल देते. एका ठिकाणी नाव नसणे विषारी ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी तेच आशेचे कारण होते.

चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राची अत्यंत कल्पक योजना रितेश बत्रा यांच्या द लंचबॉक्स (२०१३) या मुंबईत घडणाऱ्या हिंदी चित्रपटात आढळते. इला (निम्रत कौर) पतीसाठी पाठवीत असलेला डबा चुकून निवृत्तीच्या उंबरठ्यावरील विधुर कारकून साजन फर्नांडिस (इरफान खान) यास मिळू लागतो आणि रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्यांची देवघेव सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात प्रामुख्याने मावळ, खेड, जुन्नर या भागांतील मराठी माणसे आहेत. डब्यावर नावपत्ता न लिहिता रंग, अक्षरे व अंक यांच्या खुणांनी तो मुक्कामी पोहोचविला जातो. पत्त्यावाचून चालणाऱ्या या यंत्रणेतूनच पत्रे जावीत, यात चित्रपटातील योजनेचे मर्म आहे. घरातील डब्याचा भरणा, सायकल, लोकलगाडी, कचेरीतील टेबल आणि परतीचा प्रवास हे सर्व टप्पे दिग्दर्शक सविस्तर दाखवितो. त्यामुळे भ्रमणध्वनीच्या काळातही पत्रास आवश्यक असा विलंब पुन्हा निर्माण होतो. चिठ्ठ्यांचा मजकूर बहुधा लिहिणाऱ्याच्याच आवाजात ऐकू येतो आणि वाचणारा गर्दीच्या गाडीत किंवा स्वयंपाकघरात एकटा असतो. पतीकडून जी दखल इलास मिळत नाही, ती एका अनोळखी वाचकाकडून मिळते. एखाद्याने आपले लिहिणे लक्षपूर्वक वाचावे, एवढीच या कथेतील मागणी असून तिचे मोल चित्रपट अखेरपर्यंत कमी होऊ देत नाही.

चरित्रपटांत पत्रे केवळ कल्पित युक्ती नसून मूळ साधनही असतात. समीर विद्वांस यांचा आनंदी गोपाळ (२०१९) हा चित्रपट आनंदीबाई जोशी यांच्या जीवनावर आहे. गोपाळराव जोशी यांनी १८७८ मध्ये पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापले गेले. ते वाचून न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला आणि पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. पतीने लिहिलेल्या पत्रापासून पत्नीने स्वतः लिहिलेल्या पत्रांपर्यंतचा हा प्रवासच त्यांच्या स्वातंत्र्याचा आलेख होय.

मध्यस्थ : लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील व्यक्ती काही चित्रपटांची नायक ठरते. पलकों की छाँव में (१९७७) या हिंदी चित्रपटात राजेश खन्ना यांनी पोस्टमनची भूमिका केली. मराठीत गजेंद्र अहिरे यांच्या पोस्टकार्ड (२०१४) मध्ये एका पोस्टमनच्या संबंधात येणाऱ्या तीन स्वतंत्र कथा असून लक्ष्मण उतेकर यांच्या टपाल (२०१४) मध्ये ग्रामीण पार्श्वभूमीवर पोस्टमन, त्याची पत्नी व एक शाळकरी मुलगा यांचे नाते रंगविले आहे. पोस्टमन सर्वांची सुखदुःखे वाहून नेतो, पण ती त्याची नसतात. ही तटस्थता मोडली, की कथा सुरू होते.

निरक्षरांसाठी पत्र लिहिणारा लेखनिक हा दुसरा मध्यस्थ. श्याम बेनेगल यांच्या वेलकम टू सज्जनपूर (२००८) मधील तरुण लेखनिक स्वार्थापोटी मजकुरात आपले मत मिसळतो. ब्राझीलमधील वॉल्टर सॅलेस यांच्या सेंट्रल स्टेशन (१९९८) मधील निवृत्त शिक्षिका रीओच्या स्थानकावर लोकांची पत्रे लिहून पैसे घेते. मात्र अनेक पत्रे टपालात टाकीतच नाही. सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांच्या मँडाबी (१९६८) मध्ये पॅरिसहून आलेली मनिऑर्डर ओळखपत्राअभावी निरक्षर गृहस्थास सोडविता येत नाही. अक्षराची मक्तेदारी ही सत्तेचीच एक रीत आहे, हे सूत्र भिन्न देशांतील या तिन्ही चित्रपटांत समान आहे.

पाश्चात्त्य चित्रपटातील काही आदर्श : माक्स ऑफ्युल्स यांचा लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन (१९४८) हा श्टेफान त्स्वाइख यांच्या कथेवरील चित्रपट पत्ररूप कथनाचा मानदंड समजला जातो. द्वंद्वयुद्ध टाळण्यासाठी पळून जाण्याच्या तयारीत असलेल्या एका पियानोवादकास रात्री एक पत्र मिळते. जिला तो कधीच ओळखू शकला नाही, अशा स्त्रीच्या आयुष्यभराच्या प्रेमाची ती हकिकत असते. वाचन संपते तेव्हा ती स्त्री हयात नसते. मात्र पत्राने बदललेला तो पुरुष द्वंद्वास सामोरा जातो. एर्न्‌स्ट लूबिच यांच्या द शॉप अराउंड द कॉर्नर (१९४०) मध्ये एकाच दुकानात भांडणारे दोन सेवक परस्परांच्या नकळत एकमेकांना पत्रे लिहितात. पत्रातील व्यक्ती व प्रत्यक्ष व्यक्ती यांमधील तफावत येथे विनोदाचे, तर पहिल्या चित्रपटात शोकाचे कारण ठरते.

पत्ररूप चित्रपट : काही चित्रपटांत पत्र हा केवळ प्रसंग न राहता संपूर्ण रचनेचा साचा बनतो. ख्रिस मार्कर यांचे लेटर फ्रॉम सायबेरिया (१९५७) व सां सोलेय (१९८३) आणि शांताल आकेरमान यांचा न्यूज फ्रॉम होम (१९७६) ही या प्रकाराची उदाहरणे. शेवटच्या चित्रपटात न्यूयॉर्कच्या रस्त्यांच्या दृश्यांवर बेल्जियमहून आलेली आईची पत्रे मुलगी वाचते. शहराच्या गोंगाटात आवाज कधीकधी बुडून जातो आणि दुरावा आपोआप जाणवतो.

या प्रकाराचे महाराष्ट्राशी निगडित उदाहरण म्हणजे पायल कपाडिया यांचा अ नाइट ऑफ नोइंग नथिंग (२०२१). पुण्याच्या चित्रपट व दूरदर्शन संस्थेतील एका विद्यार्थिनीची कल्पित पत्रे वसतिगृहात सापडतात, अशी त्याची योजना आहे. जातीच्या कारणास्तव कुटुंबाने दूर ठेवलेल्या प्रियकरास लिहिलेल्या या पत्रांबरोबर संस्थेतील २०१५ चा विद्यार्थी-संप व देशातील अन्य विद्यार्थी-आंदोलने यांची वास्तव दृश्ये गुंफली आहेत. खाजगी पत्र हळूहळू एका पिढीची साक्ष बनते. कान महोत्सवात या चित्रपटास सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

संदेशवहनातील बदल : दूरध्वनी, भ्रमणध्वनी व संगणकीय संदेश यांमुळे पत्राचा विलंब नाहीसा झाला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि दारावरील तारवाल्याच्या हाकेने घर हादरण्याचा प्रसंग समकालीन कथेतून कायमचा गेला. त्यामुळे पत्राधारित कथा बहुधा भूतकाळात घडविल्या जातात किंवा द लंचबॉक्सप्रमाणे विलंबासाठी खास सबब शोधावी लागते. पडद्यावर उमटणारे भ्रमणध्वनीवरील संदेश मूकपटातील पट्टिकांची आठवण करून देतात. परंतु त्यांना हस्ताक्षर नसते, ते डागाळत नाहीत आणि वर्षांनंतर एखाद्या ट्रंकेच्या तळाशी अवचित सापडत नाहीत.

तथापि पत्राने उपस्थित केलेले प्रश्न साधन बदलल्याने मिटलेले नाहीत. पत्नीचे पाकीट फोडणारा पती व तिचा भ्रमणध्वनी तपासणारा पती यांत तत्त्वतः फरक नाही. एका अक्षराचा फेरफार आणि बनावट संदेश यांचा परिणाम सारखाच घातक ठरू शकतो. आणि लिहिता आले तरी पोहोचविता न येणारे मनोगत आजही आहेच. पत्राची योजना केवळ गतकाळाचे सुखद स्मरण म्हणून केली, तर ती सजावटीपुरती राहते. लिहिण्याचा, वाचण्याचा व खाजगीपणाचा अधिकार समाजात कोणास आहे आणि कोणास नाही, हे तिच्यातून उघड होते, तेव्हाच पत्र हे चित्रपटातील कथनाचे समर्थ साधन ठरते. [→ चित्रपट, पटकथा].